१९८५ रोमनमध्ये

३ ऑक्टोबर १९८५
सरकारी योजनेतला कम्प्युटर शाळेत येऊन महिना झाला. आज मुख्याध्यापक म्हणाले, सरस्वतीपूजनाला चेअरमन आप्पा येतील, त्यांना काहीतरी करून दाखवा. ज्याचं काम पसंत पडेल तो ट्रेनिंगला मुंबईला जाणार आणि कम्प्युटर रूमचा चार्जही त्यालाच. म्हणजे मलाच. इतकी वर्षं गणित शिकवतोय, पण शाळेने मला बाहेरगावी एकदाच धाडलं. तेही लांज्याला, बाकं आणायला.
विषय ठरला. साधा आकडा द्या, रोमन आकडा घ्या. दोन दिवसांचं काम.

७ ऑक्टोबर
अजून सुरुवात नाही. मन थाऱ्यावर नाही. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की चहा. हिला सांगून टाकलं की मुंबईला जायचंय. सफारी शिवायला टाकला. उद्या नक्की.

११ ऑक्टोबर, दुपारी
प्रोग्राम झाला! १ दिला, I आला. २ ला II. ३ ला III. तपासणी पूर्ण.
विज्ञानाच्या सुनेत्राबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, सर, आधी हजार वजा होतात का बघा, मग नऊशे, पाचशे असं खाली या. तुम्ही एकेकच वजा करत सुटलाय. मी म्हटलं, बाई, गणित एकापासूनच सुरू होतं. हसून वर्गावर गेल्या. पटलं असावं.

१५ ऑक्टोबर
सहज ५ दिला. IIIII. यंत्र तापलं असणार. पंखा लावून पुन्हा दिला. तेच. पंखाच जुना आहे. आप्पा पावसचे आंबा बागायतदार, त्यांना कशाला लागतोय मोठा आकडा? तरी झोप नाही. सफारी खांद्यात आवळतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार
आज सरस्वतीपूजन. आप्पांनी चालू साल सांगितलं. १९८५ दिला. पडदाभर I, I, I. थांबेचना. मी पंखा लावला.
तेवढ्यात आप्पांनी हात जोडले. म्हणाले, अहो मास्तर, यंत्रानं सरस्वती काढलीन की हो! मुलांनी पाट्यांवर एकाच्या आकड्यांची काढल्येनी, तश्शीच! मी म्हटलं, होय, तोच तर उद्देश होता. टाळ्या. आप्पांनी कीबोर्डवर हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या आणि पळीभर पाणी घ्यायला गेले. सुनेत्राबाई ओरडल्या, पाणी नको! मी म्हटलं, बाई, श्रद्धेच्या आड येऊ नका.
पळी कीबोर्डवर रिती झाली. पडदा काळा झाला. आप्पा म्हणाले, देवी अंतर्धान पावली. मी मान हलवली.

२६ ऑक्टोबर
सुनेत्राबाई आज ट्रेनिंगला गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, पाणी नको एवढं तरी त्यांना कळतं. कम्प्युटर दुरुस्तीला त्यांच्यासोबतच. एसटीवर खोकं मी चढवलं. फार वाईट वाटलं. सफारी घातलाच होता.
रूमचा चार्ज मात्र मला मिळाला. यंत्र येईपर्यंत तिथे खडू, नकाशे आणि मोडकी बाकं राहणार. कम्प्युटरला धूळ नको म्हणून केलेला चपला बाहेर काढण्याचा नियम मी कायम ठेवलाय. दुपारी लवू शिपाई डोक्यावर बाक घेऊन चपलांसकट आत शिरला. म्हणाला, मास्तरांनू, जरा सरका. सरकलो.