मागून कापलेला फ्रॉक

३ जानेवारी

मिळाली एकदाची! नोकरी मिळाली, आणि तीही राहण्या-जेवण्यासकट. सकाळी बॅग घेऊन पोचले तर दार वहिनींनीच उघडलं. वहिनी म्हणजे या घरच्या मालकीणबाई. शाळेत गणित शिकवतात, पण बोलणं अगदी गोड. खाली डॉक्टरसाहेबांचा लहान मुलांचा दवाखाना, वर घर. मला स्वयंपाकघराशेजारची खोली दिली आहे. खिडकी मोठी, उजेड भरपूर, आणि कपाटाला उभा आरसा. आयुष्यभर कपडे शिवणाऱ्या बाईला आणखी काय हवं!

काम एकच, मुलगी सांभाळायची. पाच वर्षांची आहे. शाळेतलं नाव शाळेपुरतं, घरात सगळे भिंगरी म्हणतात आणि ते तिला शोभतंही. तासाभरात तिने मला मावशी करून टाकलं, माझी बॅग उपसली, कात्रीला हात लावला म्हणून माझी बोलणी खाल्ली आणि पुन्हा माझ्याच मांडीवर येऊन बसली.

दुपारी साहेब जेवायला वर आले. आधी कुठे होतात, म्हणून विचारलं. घरीच शिवणकाम करायचे, असं मी सांगितलं. बरं म्हणाले आणि ताट पुढे ओढलं. त्यांनी मला ओळखलं नाही.

मी त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं. गेल्या वर्षी याच दवाखान्यात मी माझ्या माऊला घेऊन आले होते. माऊ, माझी एकुलती एक लेक. तिला तपासायला हा माणूस खुर्चीतून उठलासुद्धा नाही. माऊ गेली. आता मी त्याच्या घरात आहे, त्याच्या लेकीची वेणी माझ्या हातात आहे, आणि किती दिवसांनी आज मला चार घास नीट गेले.

६ जानेवारी

जिन्याच्या वळणावर उभं राहिलं की दवाखान्याबाहेरचा बाक दिसतो. दार उघडं असलं तर साहेबांची खुर्चीही दिसते. पद्धत तीच आहे, काडीचा फरक नाही. पोराला ताप आहे म्हटलं की आधी सुई, मग चौकशी. पोराला घाम सुटतो, ताप उतरतो, संध्याकाळी ते खेळायला लागतं आणि आईबाप साहेबांचे गोडवे गात फिरतात. साहेबांच्या हाताला गुण आहे, असं वहिनीही मोठ्या कौतुकाने सांगत होत्या. मी मान डोलावली. माझाही विश्वास त्या गुणावर असाच बसला होता.

माऊचा कान वाहायचा. वाहू द्या, मोठी झाली की थांबेल, असं साहेबांचं म्हणणं. मग ताप आला. सुई दिली. संध्याकाळी माऊ उठून बसली, दूध प्यायली, आणि मी खुळी शेजारणींना सांगत सुटले की काय हात आहे डॉक्टरांचा! ताप परत आला. या वेळी ती डोकं धरून रडायची. पोटात काही गेलं की भडाभडा उलटी. उजेड डोळ्यांत टोचतोय, पडदा लाव म्हणायची. मी पुन्हा इथे घेऊन आले. साहेब खुर्चीतूनच म्हणाले, शाळा बुडवायची नाटकं आहेत, लाड कमी करा. पुन्हा तीच सुई. दुसऱ्या दिवशी तिचे कपडे बदलायला गेले तर मान वाकेना. डोकं मागे खेचलेलं, नजर छताला. फ्रॉक डोक्यावरून निघेना, म्हणून मी तो पाठीवरून कात्रीने कापला. मीच शिवलेला होता. निळा, गोल गळ्याचा.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी माझे दोन्ही हात धरून मला समजावलं. मेंदूभोवती पातळ आवरण असतं. कानातले जंतू आतल्या आत तिथवर पोचले आणि तिथे पू झाला. अर्ध्यामुर्ध्या औषधाने तो आजार मरत नाही, नुसता लपून बसतो. ताप आणि डोकेदुखी असलेल्या मुलाला हनुवटी छातीला लावायला सांगायची. लागली नाही तर क्षणभर थांबायचं नाही.

एवढंच करायचं होतं. उठायचं, टेबलाला वळसा घालायचा आणि पोरीच्या मानेखाली हात घालून बघायचं. तेवढंही त्याच्याने झालं नाही.

भिंगरीचं वाकडं करायला मी आलेले नाही. मला त्याला त्या बाकावर बसलेला बघायचा आहे, इतर बापांसारखा, हात जोडून. कसं, ते अजून मला सुचलेलं नाही.

१० जानेवारी

तो फ्रॉक मी बॅगेत तळाशी घालून आणला आहे. आज दुपारी घर शांत होतं तेव्हा बाहेर काढला आणि मागची चीर शिवून टाकली. इतकी बारीक टीप घातली की मलाही ती बोटाने चाचपून शोधावी लागली.

भिंगरी येऊन टपकली. कुणाचा म्हणाली. माझ्या मुलीचा, म्हटलं. घालू का म्हणाली. नाही म्हणायला हवं होतं. मी स्वतःच्या हाताने तो तिच्या डोक्यावरून घातला. कुठे चिमटा घ्यायला नको, कुठे उसवायला नको. जणू तिचं माप घेऊनच बेतला होता.

तिला आरशासमोर उभं केलं आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, माऊ, बघ, तुझ्या डॉक्टरांची लेक. सोबत हवी असेल तर घेऊन जा. बोलले आणि अंगातलं गळू फुटल्यासारखं बरं वाटलं. मनातलं वर्षभराचं विष एका वाक्यात ओकले. भिंगरीने विचारलं, कुणाशी बोलतेस? कुणाशी नाही, म्हटलं.

तिला मी एक खेळही शिकवला आहे. आंघोळ झाली की हनुवटी छातीला लावून दाखवायची. टपकन लावते आणि खिदळते. त्या खेळात तिला इतकी मजा का येते कोण जाणे.

१३ जानेवारी

भिंगरीच्या खोलीचे पडदे भर दुपारी लावलेले सापडले. मी उघडले. भांडी घासून आले तर पुन्हा लावलेले. छतावरचा दिवा खोबणीतून काढून उशीवर नीट ठेवला होता. तिथवर भिंगरीचा हात खुर्चीवर चढूनही पोचत नाही. वहिनी तिलाच रागावल्या. ती रडत म्हणाली, त्या मुलीनेच सांगितलं, उजेड टोचतो म्हणून.

मी एकटीने गोंजारून विचारलं तेव्हा सगळं बोलली. ती मुलगी तुझ्या आरशाच्या कपाटावर बसते. माझ्या त्या निळ्या फ्रॉकसारखाच तिचा फ्रॉक. पण मावशी, ती माझ्याकडे बघतच नाही, वरच बघत राहते.

भीती वाटायला हवी होती. मला रडू फुटलं ते आनंदाने. माझी पोर आली! कपाटासमोर उभी राहून कितीदा हाका मारल्या. काही दिसलं नाही, पण खोलीत उलटीचा आंबूस वास होता. फरशी कोरडी होती, तरी मी पुसून घेतली.

१५ जानेवारी

भिंगरीच्या उशीवर पिवळा डाग. वहिनींनी जेवताना साहेबांना सांगितलं, हिचा कान वाहतोय. साहेब वर न बघता म्हणाले, वाहू दे, मोठी झाली की थांबेल.

शब्द न् शब्द तोच. मी शेजारी उभी राहून पेल्यात पाणी ओतत होते. एक थेंब सांडला नाही.

१७ जानेवारी

ताप आला. बापाने आपल्या हाताने सुई टोचली. संध्याकाळी पोरगी घरभर नाचत होती. साहेब मिशीत हसले.

फ्रॉक मी बॅगेत घालून कुलूप लावलं होतं. नाचताना तोच तिच्या अंगात होता. मी घातलेला नाही. खेळ खेळायला हाक मारली तर आज नको म्हणाली.

१८ जानेवारी

डोकं दुखतंय. दोनदा ओकली. पडदा लाव म्हणते.

साहेब दारातूनच म्हणाले, उद्या शाळेत परीक्षा आहे ना, म्हणून नाटकं. आणि गेले खाली, लोकांची पोरं बरी करायला.

या घरात खरं काय ते फक्त मला माहीत आहे. माझ्या एका शब्दावर सगळं आहे, आणि मी तोंडाला कुलूप घातलंय. दिवसभर. कर म्हणावं नाटकं. बघ म्हणावं आता. सकाळी हे सगळं किती गोड लागत होतं!

दुपारी तिच्या खोलीतल्या आरशात बघितलं. पलंगावर भिंगरी, आणि तिच्या उशाशी माझी माऊ. डोकं मागे पडलेलं, हनुवटी वर. नजर छताला. हाताने चाचपत होती. चाचपत चाचपत भिंगरीची वेणी सापडली आणि तिने ती घट्ट धरली —

मी दोघींपैकी एकीलाही हाक मारू शकले नाही.

१९ जानेवारी

सकाळी भिंगरी दोन घोट दूध प्यायली. वहिनींनी येऊन माझा हात धरला. बघा मावशी, पडला ना फरक, म्हणाल्या, आणि हसल्या.

ते हसणं माझं होतं. दुधाचा रिकामा पेला हातात धरून मी अस्सेच दात काढले होते. मला त्याला जाळायचं होतं, आणि आग लागत होती हिच्या पदराला.

धावत खाली गेले. बाकावर लोक बसलेले, त्यांच्यादेखत त्याची बाही धरली आणि वर ओढत आणला. काय वेडबिड लागलंय का म्हणत होता. मी पडदा सारला, भिंगरीला म्हटलं, बाळा, आपला खेळ. हनुवटी छातीला लाव.

ती किंचाळली. मान तसूभर वाकेना.

तेव्हा त्याने तिच्या मानेखाली हात घातला. तेव्हा. त्याचा चेहरा बघितला मी.

तो निळा फ्रॉक डोक्यावरून निघत नव्हता. मीच कात्री आणली आणि पाठीवरून कापला. त्याच टिपेवर.

गाडीकडे नेताना मागे वळून बघितलं. जिन्याच्या वळणावर माऊ उभी होती. कापलेला फ्रॉक धरून.

२० जानेवारी

मोठं रुग्णालय. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, गढूळ निघालं. औषध थेट शिरेतून चालू आहे. वेळेत आणलंत, जगेल म्हणतात. एका कानाने कदाचित ऐकू येणार नाही.

तो बाहेर बाकावर बसला आहे. हात जोडून. बघितलं मी. डोळे भरून बघून घेतलं. गोड लागलं, खोटं कशाला लिहू.

मग त्याच्यासमोर उभी राहिले आणि माऊचं सगळं सांगितलं. कान, सुई, नाटकं. त्याने मला एकदा नीट निरखून बघितलं. मग म्हणाला, बाई, इतकी मुलं येतात. नाही आठवत.

आठवत नाही! माझी पोर त्याला आठवतसुद्धा नाही.

२१ जानेवारी

वहिनी तिकडे. मी कपडे न्यायला घरी आले, एकटी.

सगळे पडदे लावलेले. सगळे दिवे उशांवर.

फ्रॉक माझ्या अंथरुणावर होता. शिवलेला. माझाच दोरा, माझीच बारीक टीप. मी नाही शिवला. मी तो कापून खाली —

माऊ कपाटावर आहे. आता मला आरशाशिवाय दिसते. रुसली आहे. सोबत देते म्हणालीस आणि ओढून घेतलीस, असं बोलली. तोंड हललं नाही. माझ्याच डोक्यात बोलली.

चुकलं गं. तिची आई आहे बाळा, तिला —

डोकं ठणकतंय.

२२ जानेवारी

ओकले. खिडकीची फट सुद्धा सहन होत नाही. फटीत फ्रॉक कोंबला.

तो आला होता. भिंगरीची उशी न्यायला. तिने आज बापाला हाक मारली म्हणे. मी म्हटलं, डोकं फुटतंय. दारातूनच म्हणाला, जागरण झालंय तुम्हाला, झोप काढा. गोळी उंबऱ्यावर ठेवली. आत पाऊल टाकलं नाही. अजूनही नाही.

मान, एवढा एक शब्द बोलले असते तर — मला त्या शब्दाची सगळी ओळख आहे. गिळला. मुद्दाम.

आता हे त्याच्या घरात होईल. त्याच्या छताखाली, त्याच्याच गोळीवर. रोज या दारावरून जाशील ना? या खेपेला विसरून दाखव म्हणावं.

२२ की

कागद दिसत नाही. मान खाली होत नाही, हात अंदाजाने. ओळी कुठे जातायत कोण

छत. किती स्वच्छ आहे छत. हेच बघत होतीस होय गं

उतरली. उशाशी आली. गार हात. वेणी धरलीय

रुसवा गेला वाटतं. हसतेय माझी पोर. म्हणते आई आता तू. खेळ. हनुवटी छातीला

लावते हं

लाव —