मनगटाचं माप

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

गेली! अर्धा किलो साखर गेली. पाक एका तारेच्या पुढे सरकला आणि तीळ एकमेकांना असे चिकटले की परातीत हलव्याऐवजी चिक्की. खरवडून डब्यात भरली. उद्या शाळेत नेते, पोरं खातील.

पेणला आई हलवा करायची तेव्हा मी शेजारी बसून नुसती खायची. आता बस बोंबलत.

पण करणारच. बाजारचा नको. पल्लवीच्या मुलीची पहिली संक्रांत आहे. माझ्या एकुलत्या एक नातीचं बोरन्हाण! तिच्या अंगावर माझ्या हातचे हलव्याचे दागिने आणि माझ्या हातचं काळं झबलं हवं. हेत्वी साडेनऊ महिन्यांची झाली आणि मी तिला अजून प्रत्यक्ष बघितलेलं नाही. रोज फोनमध्ये बघते. फोनमधलं लेकरू कडेवर घेता येतं का?

आमच्या सिल्वासाहून पल्लवीचं वापी, अर्ध्या तासाचा रस्ता!

३ जानेवारी, शनिवार

लिहूनच टाकते एकदा, म्हणजे डोक्यातून जाईल.

दोन वर्षांपूर्वी पल्लवीने मितेशशी लग्न ठरवलं. मुलगा गुजराती म्हणून राग नव्हता, असं हे म्हणतात. राग हा, की तिने घरात सांगायच्या आधी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी ह्यांच्याकडे पेढे मागितले. "साहेब, मुलीचं जमलं म्हणे!" हे घरी आले ते तापूनच. पल्लवीला म्हणाले, "या घरात पाय ठेवू नकोस." आणि माझ्याकडे वळून — "तिचा उंबरा ओलांडलास तर माझी शपथ आहे तुला."

झालं. शपथ!

चौथीच्या मुलांना परिसर अभ्यास शिकवते मी. मांजर आडवं गेलं तर काही होत नाही असं दरवर्षी सांगते. आणि स्वतः? ह्यांना बीपीची गोळी आहे. मी वापीला गेले आणि ह्यांना काही झालं तर? घालणाऱ्याने "सुटली" म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही. हे म्हणत नाहीत, मी विचारत नाही. बाळंतपणाला गेले नाही. बारशाला गेले नाही. काय बाई आहे मी!

५ जानेवारी, सोमवार

नवी साखर, नवे तीळ. या वेळी पाकात दूध घालून मळी काढली. परातीखाली तवा, गॅस अगदी बारीक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं — फिरवत राहायचं — फिरवत राहायचं. घाई केली की संपलं. आणि माझ्या अंगात घाईशिवाय काही नाही!

बरं आहे, ह्यांची या महिन्यात सेकंड शिफ्ट आहे. मी एक वाजता शाळेतून येते, हे सव्वादोनला निघतात. मग दुपार माझी. ह्यांची पाठ वळली की परात बाहेर, रात्री हे यायच्या आत पलंगाखाली. स्वतःच्या घरात चोरासारखी.

बोटं भाजली. काटा नाही. नुसते गुळगुळीत पांढरे दाणे.

८ जानेवारी, गुरुवार

आज ह्यांचा विकली ऑफ. परात बाहेर काढता आली नाही, दिवसभर जीव खाली-वर.

सकाळी पुन्हा घोटून दाढी! गुरुवारी दाढी करू नये म्हणून माझे सासरे ह्यांना ओरडायचे, आणि हे मुद्दाम गुरुवारीच करतात. म्हटलं, "भास्करभावजींकडे पत्ते कुटायला एवढी तयारी?" तर म्हणे, "माणसाने नीटनेटकं असावं." भास्कर म्हणजे ह्यांचा कंपनीतला जुना मित्र. वापीत राहतो. दर गुरुवारी हे तिकडे, संध्याकाळी आले की गुणगुणतात काय, स्वतःहून भाजी निवडतात काय!

वापीला जाऊन पत्ते. लेकीच्या गल्लीवरून स्कूटर जात असेल, मान तरी वळत असेल का? दगड आहे माणूस.

९ जानेवारी, शुक्रवार

काटा आला!!! बारीक, पण आला. रात्रीपासून थंडी पडली आहे, त्याचा गुण. मी एकटी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. ऐकायला कुणी नाही.

११ जानेवारी, रविवार

हे शिफ्टला गेल्यावर झबलं बेतलं. माझी काळी व्हॉइलची साडी होती, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. लेकराच्या अंगाला जुनं कापडच मऊ. गळ्याला पांढरी लेस, पाठीला बंद, बटण नको, टोचतं.

पण माप? वरच्या मजल्यावरची मनीषा, तिचा मुलगा बरोबर दहा महिन्यांचा. त्याच्यावरून घेतलं. फोनवर पल्लवीला विचारलं तर म्हणते, "अगं, असेल साधारण तेवढीच." साधारण! ह्या पोरीला कधी काही नीट सांगता आलं नाही. मनीषाच्या मुलाच्या मनगटाला दोरा गुंडाळला, तेच बांगडीचं माप धरलं. त्याने दोरा तोंडात घातला.

१२ जानेवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत पल्लवीचा फोन. "आई, मम्मी विचारतात, लहान बाळाला काळं कशाला?" मम्मी म्हणजे तिच्या सासूबाई. माझं डोकंच फिरलं. वर्षभर नको असतं काळं, संक्रांतीलाच असतं, थंडीचं! फणकाऱ्याने बोलले आणि फोन ठेवला. मग वर्गात शुद्धलेखन सांगताना तीनदा चुकले. काय करून बसले मी? आधीच धागा एवढासा.

चार वाजता मेसेज आला. "मम्मी म्हणाल्या, तमारो रिवाज छे, चालसे. वर दहा काळे टिकले लाव म्हणाल्या, नाहीतर नजर लागेल."

बाई चांगली आहे. मीच तुसडी.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

आमचा सगळा आमली भाग पतंग घेऊन गच्चीवर. सकाळपासून "काय पो छे!" आणि भोंगे. कंपनी बंद, त्यामुळे हे घरात. तिळगूळ हातावर ठेवताना म्हणणार होते — आज गोड बोलायचा दिवस आहे, "सुटली" एवढं तरी म्हणा. ओठांपर्यंत आलं. हे म्हणाले, "यंदा वड्या छान झाल्यात." मी म्हटलं, "गूळ चांगला होता."

गूळ चांगला होता!! श्शी.

१५ जानेवारी, गुरुवार

दाढी. भास्कर. जाताना स्वतः डबा पुढे केला — "चार वड्या दे. मऊ बघून दे, भास्करचे दात गेलेत." मित्राच्या दातांची एवढी काळजी!

१८ जानेवारी, रविवार

दागिने करायला घेतले. हलव्याला भोक पाडत नाहीत, काट्यांमध्ये दोरा अडकवून गाठ मारायची. एक दाणा बसवला की मागचा निसटतो. बिंदी झाली, हार झाला, कंबरपट्टा तीनदा सुटला. ह्यांच्या कंपनीत सूत तुटलं की कामगार एक गाठ मारतात, तिळाएवढी, ओढली तरी सुटत नाही. लग्नानंतर ह्यांनी मला शिकवली होती, हसत हसत, माझी बोटं धरून. मी विसरले. आता कोणत्या तोंडाने विचारू?

साध्याच गाठी मारल्या. दोन-दोन.

२१ जानेवारी, बुधवार

ठरलं. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं. रविवारी, पंचवीसला रथसप्तमी. हे सव्वादोनला शिफ्टला गेले की चार वाजता पल्लवी, मितेश, हेत्वी येतील, पण आमच्या घरी नाही. वर मनीषाकडे. तिच्याच मुलाबरोबर उरकायचं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, सगळं मनीषाने आणलं.

शपथ पल्लवीच्या उंबऱ्याची आहे. मनीषाचा उंबरा पल्लवीचा नाही! वकील व्हायला हवं होतं मी.

२२ जानेवारी, गुरुवार

हे भास्करकडे. मी घरात येरझाऱ्या. झबलं तीनदा इस्त्री केलं. पांढऱ्या लेसवर ते काळे टिकले लावले, काढले, पुन्हा लावले.

आनंद व्हायला हवा ना? होत नाही. माझ्या नातीच्या डोक्यावर बोरं पडणार ती दुसऱ्याच्या घरात. आणि खाली माझं दार कुलूप लावून बंद. पल्लवी जिन्यात त्या दारासमोरून जाईल. तिला काय वाटेल?

२३ जानेवारी, शुक्रवार

सांगून टाकलं!

हे शिफ्टच्या आधी जेवायला बसले होते. वाढता वाढता म्हटलं, "परवा पल्लवी येतेय. मनीषाकडे. हेत्वीचं बोरन्हाण आहे. दागिने मी केलेत, झबलं मी शिवलंय, महिनाभर तुमच्यापासून लपवलं. तुमची शपथ मी मोडलेली नाही. पण मला आता हे सोसत नाही." आवाज चढला होता माझा. पलंगाखालून डबा ओढून समोर ठेवला.

ह्यांनी बिंदी उचलली. हार उचलला. बांगडी बोटावर फिरवली, बराच वेळ. मग हात धुतले, चपला घातल्या, शिफ्टला गेले.

ओरडले असते तरी चाललं असतं. आता काय करतील? उद्या सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तालीम आहे, शाळेत जावंच लागेल. डबा घरात, हे घरात. फेकून दिला तर? बीपी वाढलं तर? अन्न गेलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

एक वाजता शाळेतून आले. डबा टेबलावर, उघडा. दोन्ही बांगड्या सोडवून पुन्हा बांधलेल्या, प्रत्येकीत चार दाणे कमी. गाठी तिळाएवढ्या. कंपनीतल्या.

"सैल झाल्या असत्या," हे म्हणाले. "मनगट बारीक आहे तिचं."

"तुम्हाला काय माहीत?"

खाली बघून म्हणाले, "दाढी टोचली की रडते. आणि दोनच दात आहेत, वडी नुसती चोखते."

दर गुरुवारी! बारशापासून! भास्करभावजी तर मागच्या वर्षीच वापी सोडून नाशिकला गेले म्हणे. पल्लवीला फोन केला, रडत, ओरडत. तर ती — "बाबांनी शपथ घातली होती गं, आईला सांगायचं नाही."

"मला शपथ घालून तुम्ही जात होतात?"

"ती तुला होती. मला कुठे होती?" मग हळूच, "तुझ्यासमोर माघार कशी घेऊ, कळत नव्हतं."

"आधी सुटली म्हणा!"

"सुटली." आणि वर — "मनीषाकडे कशाला? सगळे इथेच येतायत. मी सुट्टी टाकलीय."

दहा महिने त्या पोरीला कडेवर न घेतलेली या घरात मी एकटीच! सांगून ठेवलंय ह्यांना — उद्या मी उचलून खाली ठेवेपर्यंत हेत्वीला बोटही लावायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला.