हरणावरची पेज

२२ एप्रिल १९५६

नवेगाव बांधच्या पुढची टेकडी चढून आलो. गुडघे बोंबलताहेत! कपारीत लाल हरणं आहेत, सतरा. चित्रं खरोखर जुनी ठरली तर कपार राखायची, नाही तर तलावाच्या बांधासाठी तिथलाच दगड फोडायचा — आणि ते ठरवणार मी, गोंदियाच्या शाळेतला रसायनाचा मास्तर! सरकारी पत्रात मला 'तज्ज्ञ' म्हटलंय. चारदा वाचलं.

मोठ्या हरणाचा रंग खरवडून बाटलीत घेतला. खालच्या वस्तीतली सुलोचनाबाई मागे उभी. कानाने ठार बहिरी, म्हणून बोलते ओरडून. "मास्तर, वरचं कायले खरवडून राहिले? आतलं —" हातानेच गप्प केलं. मला शिकवते!

२४ एप्रिल

शाळा सकाळची, दुपारी प्रयोगशाळा माझीच. रंगात लोह निघालं, म्हणजे गेरू. मग आयोडीनचा थेंब टाकला — निळाशार! स्टार्च. म्हणजे तांदळाची पेज. हजारो वर्षं पेज टिकेल? अहवाल लिहिला : चित्रं अलीकडची. सही झोकात केली.

२ मे

सतरा हरणं, तपासलं एक. उगाच मनात येतं.

९ मे

दगड फोडणाऱ्या ठेकेदाराचा माणूस भैय्यालाल बाजारात भेटला. हातावर पेढा ठेवला. "मास्टरजी, आपके कागज से काम बन गया. इतवार को सुरुंग." पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

११ मे

सुलोचनाबाईचा नवरा बकाराम छोट्या रुळांच्या रेल्वेने आला, थेट माझ्या दारात. पाणीही घेतलं नाही.

"आमच्या घरची बाई दर अक्तीले पेजेत गेरू कालवून हरनावर हात फिरवते. तिची सासू फिरवे, सासूची सासू फिरवे. तुमी आमची पेज तपासली, मास्तर."

अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. पंचांग पाहिलं. रविवारीच!

"तिले सांगून राहिलो, यंदा जाऊ नको. ऐकतच नाही. सुरुंगाच्या आधी हात फिरवून येतो म्हनते."

१२ मे

बाटलीच्या तळाशी एक जाड पापुद्रा उरला होता. त्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. वर पेजेचे थर, एकावर एक. खाली दगडावर साचतो तसा टणक क्षार. आणि त्याच्याही खाली — लाल! तिथे आयोडीन टाकलं. निळं झालं नाही.

जुनं आहे. फार जुनं! बाई हेच सांगत होती. मी गाढव!

ठेकेदाराकडे धावलो. "सरकारी हुकूम आणा." कचेरीत गेलो तर साहेब दौऱ्यावर. त्यांच्या नावाने तार केली. उद्या पहिल्या गाडीने स्वतः जातो. हरणं राहोत की जावोत, देवा, तिला घरात ठेव.

१३ मे

गाडी सौंदडला दीड तास उभी राहिली. टेकडीजवळच्या स्टेशनावर उतरून धावत सुटलो. टेकडी अजून कोसभर लांब असताना आवाज झाला. तलावावरचे बगळे एकदम उडाले.

१४ मे

काल संध्याकाळी दगडांखाली आधी वाटी सापडली, चेपलेली. आतला गेरू ओलाच होता. मग सुलोचनाबाई.

बकारामने वाटी उचलून घरी नेली. भैय्यालाल भेटेल त्याला सांगतोय — सुरुंगाआधी शिट्टी तीनदा वाजवली होती.