टकल्या टेकडीवरच्या टाकीला आईची हरकत

हा-मोखोसी,
पीचची झाडं फुलली तो आठवडा

वडीलबंधू मोहापीदादाला धाकट्या खोपोत्सोचा नमस्कार.

तुझ्या घरात शांती असो, आमच्या शेतावर पाऊस असो आणि दोन्हीकडच्या पातेल्यांत काहीतरी शिजत असो. वहिनींची कंबर आता कशी आहे? त्यांना सांग, आईनं पाठवलेला पाला उकळून प्यायचा होता, उशीत भरायचा नव्हता. (तरी गुण आला असेल तर आईला कळवू नका, ती सगळ्या गावाच्या उशा उसवेल.) धाकट्याला दात आले का? इकडे आम्ही बरे आहोत. काळी गाय व्याली, कालवड झाली, आईनं तिचं नाव 'सुनावणी' ठेवलं आहे. गाव हसतं, पण त्या नावानं हाक मारली की कालवड धावत येते, त्यामुळे आता बदलायची सोय नाही.

तू बसच्या ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवून विचारलंस, आईनं माझ्यावर खटला भरला हे खरं का. दादा, ब्लूमफाँटेनला तू बसगाड्या दुरुस्त करतोस म्हणून बसमध्ये बोललेलं सगळंच खरं धरायचं असं नाही. खटला नव्हे, हरकत. आणि माझ्यावर नव्हे, नगरपरिषदेच्या पाण्याच्या टाकीवर. आता त्या परिषदेच्या नियोजन समितीची अध्यक्ष मी आहे, आणि ती टाकी व्हावी म्हणून चपला झिजवणारीही मीच, ही गोष्ट वेगळी. म्हटलं एकदा सरळ बसून सगळं लिहावं, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

मागच्या हिवाळ्यात झऱ्याच्या वाटेवर बर्फावरून घसरून आईचं मनगट मोडलं, ते तुला ठाऊकच आहे. तिच्याआधी चर्चच्या पेटीवाल्या बाई पडल्या, तिच्यानंतर दवाखान्यातली सुईण पडली, आणि बाळंतिणीला सुईणीनं धरायचं की सुईणीला बाळंतिणीनं, असा प्रसंग आला. तेव्हाच आपल्या परिषदेनं ठरवलं होतं की टकल्या टेकडीच्या माथ्यावर मोठी टाकी बांधायची, नदीचं पाणी पंपानं वर चढवायचं आणि तिथून घरोघर नळ. नकाशा झाला, कागद झाले, फाईल राजधानीत गेली आणि तिथं जाऊन झोपली. मी दर महिन्याला बस धरून तिला उठवायला जायची. तिथले साहेब फार गोड बोलतात, चहा देतात. त्यांनी मला नियम समजावून सांगितला, तो असा: एखाद्या कामाला हरकत आली तर सुनावणी होते, सुनावणी झाली तर अधिकारी येऊन जागा पाहतो, आणि अधिकाऱ्यानं जागा पाहिल्याशिवाय मंजुरी देता येत नाही. मी विचारलं, "आणि हरकत आलीच नाही तर?" साहेबांनी माझा कप पुन्हा चहानं भरला. मग म्हणाले, "बाई, असं अजून कुणी विचारलं नव्हतं."

तर अशी ती फाईल, सगळ्या गावाची संमती असल्यामुळे अडकलेली. आणि अशात एका सोमवारी आई माझ्या कचेरीत आली. डोक्यावर गवताची टोपी, अंगावर लग्नाकार्याची घोंगडी, तिला मोठी पिन. मला वाटलं घरी काही झालं. तर ती टेबलासमोर उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही, आणि म्हणाली, "अध्यक्षबाई, टाकीला माझी हरकत आहे. पोच द्या." मी म्हटलं, "आई, हे काय?" तर म्हणते, "इथं मी कुणाची आई नाही. शिक्का मारा." मी शिक्का मारला. (मला स्वप्नातही कल्पना नव्हती की तिच्या मनात काय आहे. हे तू नीट ध्यानात ठेव, कारण पाणीवाले खोलोआनेकाका भलतंच सांगत फिरतात.) संध्याकाळी घरी गेले तर तिनं नेहमीसारखा मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पापा आणि पालेभाजी माझ्यापुढे वाढली, वर चांगला चरबीचा तुकडा ठेवला, आणि टाकीचं नाव काढताच म्हणाली, "प्रकरण सुनावणीत आहे. जेव."

नोटीस निघाली. अधिकारी येणार म्हणून तारीख लागली. त्या दिवशी आई इतकी खूश झाली की मोडलेलं मनगट विसरून टाळ्या वाजवायला गेली आणि कळवळली. मग तिनं दार लावून मला सांगितलं, की बसलेला बैल उठवायचा तर कुणाला तरी शेपूट पिळावं लागतं, ते मी पिळलं. आता सुनावणीत उठून हरकत मागे घेते, अधिकारी जागा बघून गेला की तुझी टाकी झाली. मी तिच्या गळ्यात पडले. पण दादा, बैल उठवणं सोपं असतं. तो कुठल्या शेतात शिरेल ते शेपूट पिळणाऱ्याच्या हातात नसतं.

झालं असं, की हरकत घ्यायची तर कारण हवं. आईनं कारण दिलं होतं की टेकडी टकली आहे, झाड नाही, मूळ नाही, एवढ्या पाण्याचं ओझं तिला पेलणार नाही. इथवर ठीक. पण चर्चच्या महिला मंडळाच्या बायकांनी विचारलं तेव्हा तिला ते रंगवून सांगावं लागलं, आणि आई एकदा रंगवायला बसली की तिचा हात थांबत नाही. रविवारी टेकडीला नुसती भेग पडली होती. बुधवारपर्यंत टाकी घसरून चर्चवर आली. पुढच्या रविवारी सगळं गाव, गुरं, कोंबड्या आणि पाद्रीबाबांसकट नदीत पडून सरहद्दीपार वाहून गेलं, तेही पासपोर्टवर शिक्का न मारता. पाद्रीबाबांनी बूट घालून झोपायला सुरुवात केली. वरच्या आळीनं खालच्या आळीतल्या मुली करायचं थांबवलं. मुखिया रामाबांतांनी, ज्यांनी या टाकीसाठी पहिला नारा दिला होता, त्यांनी स्वतः आईच्या हरकतीखाली सही केली आणि म्हणाले, "मा-मोहापी बोलतात म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं असणार." (तुझ्या नावानं आईला अजून तसंच म्हणतात.) बघता बघता निम्म्या गावानं सह्या नाहीतर अंगठे दिले. सगळ्यांत पुढे खोलोआनेकाका, म्हणजे तेच, जे गाढवांवर पिंपं लादून आपल्याला पाणी विकतात. त्यांनी तर आईला 'गावाची तारणहार' म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं पाठवलं. आई म्हणाली, हे घेणं बरं नव्हे. (पीठ चांगलं निघालं. अजून पुरतंय.)

आता आई घाबरली. ती दारोदार सांगू लागली, की अरे मी जरा वाढवून बोलले होते. लोक डोळे पुसत म्हणायचे, बघा, पोरगी अध्यक्ष म्हणून म्हातारीला घरात किती दाबतात. मला बाजारात भाजीवालीनं पालक दिला नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी आई चुलीपुढे माझ्याशेजारी बसली आणि तिनं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "खोपो, मी तुझं काम बिघडवलं." मी म्हटलं, "नाही गं." पण माझा आवाज मलाच खरा वाटेना. कारण या वेळी टाकी फेटाळली की ती पुन्हा आपल्या हयातीत वर यायची नाही, आणि बर्फ तर दरवर्षी पडतोच.

सुनावणी मुखियांच्या अंगणात झाली. त्याच सकाळी गाय व्याली, म्हणून आई उशिरा आली आणि सगळ्यांना वाटलं की दाबून ठेवली. राजधानीतून आलेले तेलेकोसाहेब तरुण, सडपातळ, बूट असे चमकणारे की त्यांत कोंबडीनं स्वतःला पाहिलं. आई उठून म्हणाली, माझी हरकत मी मागे घेते. गर्दीत कुजबुज झाली. साहेबांनी नियमाचं पुस्तक चाळलं आणि फार नम्रपणे सांगितलं, "आजी, तुमची हरकत गेली. पण बाकीच्यांची उभी आहे. ज्यानं त्यानं आपापली मागे घ्यायला हवी." खोलोआनेकाका म्हणाले, "आम्ही मरेपर्यंत घेणार नाही." टाळ्या पडल्या.

मी मान खाली घातली. आणि मला आईचा आवाज ऐकू आला, अगदी गोड, म्हणजे लहानपणी आपल्याला एरंडेल पाजायच्या आधी यायचा तसा. ती साहेबांना म्हणत होती, की या लोकांचं म्हणणं टेकडीला पाणी पेलत नाही. मग बघून घेऊ या की. झऱ्यावरून ज्यानं त्यानं एकेक बादली पाणी माथ्यावर न्यायचं आणि टेकडी हलते का बघायचं. हरकत आमची आहे, तर सिद्ध करायचं ओझंही आमच्याच डोक्यावर. साहेबांनी पुस्तक पुन्हा चाळलं. अशानं काही बिघडतं असं त्यात लिहिलेलं नव्हतं. खोलोआनेकाका म्हणाले, "मी माझी गाढवं आणतो." आई म्हणाली, "भाऊ, हरकतीवर अंगठा तुमचा आहे. गाढवांचा नाही."

दादा, ती मिरवणूक तू पाहायला हवी होतीस. सह्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. रोज पाणी वाहणाऱ्या बायका झऱ्याच्या कट्ट्यावर हाताची घडी घालून बसल्या, कुणी चुंबळ कशी करायची ते सांगत होत्या, कुणी सांगतही नव्हत्या. मुखिया घोड्यावरून निघाले, तर घोड्यानं बादलीतलंच पाणी पिऊन टाकलं आणि त्यांना परत खाली यावं लागलं. पाद्रीबाबांनी पहिल्याच वळणावर देवाचं नाव घेतलं, पण प्रार्थनेच्या सुरात नव्हे. पाणी मानेतून घोंगडीत आणि घोंगडीतून बुटात जात होतं, वर वारा असा की कान सोलून निघावेत. आई चहाचा मग भरून घेऊन चालली, मनगटाचं कारण सांगून. तेलेकोसाहेबांनाही राहवलं नाही. त्यांनी एका म्हाताऱ्याची बादली घेतली आणि अर्ध्या चढणीवर रिकाम्या हातानं मागून येणाऱ्या आम्हा बायकांकडे वळून विचारलं, "असं पाणी तुम्ही रोज वाहता?" सुईण म्हणाली, "नाही साहेब. धुण्याच्या दिवशी दोनदा."

माथ्यावर पोचेपर्यंत कुणाच्या बादलीत तळ झाकेल एवढं होतं, कुणाच्या तेवढंही नाही. सगळे खडकांवर पसरले. आईनं आपला मग जमिनीवर ओतला, टेकडीला पायानं ठोकून बघितलं आणि विचारलं, "काय मुखिया, हलली का?" मुखिया छातीवर हात ठेवून म्हणाले, "टेकडी नाही हलली, बाई. मी हललो." आणि त्यांनी हरकत मागे घेतली. त्यांच्यामागून एकेक करत सगळ्यांनी घेतली, काहींनी झोपल्याझोपल्याच. राहिले खोलोआनेकाका. ते तोंड फिरवून बसले होते. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, की भाऊ, या चढणीवर ट्रक यायचा नाही, वाळू आणि सिमेंट वर कोण आणणार याचा कुणी विचार केलाय का? काकांनी जरा वेळ गाढवांचा विचार केला. मग त्यांची हरकत अशी विरघळली, की बांधकाम उद्यापासून का नाही म्हणून त्यांनीच साहेबांना झापलं.

साहेब जागा मोजायला लागले तेव्हा आई माझा दंड धरून खाली बघत उभी होती. झऱ्याची वाट, ती पडली होती ती जागा, आपलं घर, सगळं तळहातावर दिसत होतं. म्हणाली, "जन्म या टेकडीखाली गेला, वर यायला कधी सवडच झाली नाही. वरून आपलं घर किती जवळ दिसतं गं झऱ्यापासून." मग नाक ओढून म्हणाली, "वारा आहे." मी तिची घोंगडी मानेपर्यंत ओढून दिली. वारा होताच.

मंजुरीचा कागद परवा आला. हिवाळ्याआधी पाया भरतील म्हणतात. तुझं प्रेम, वहिनींचं प्रेम आणि मुलांचा दंगा असाच राहो. थोरांना नमस्कार, लहानांना पापा (खायचा नव्हे, घ्यायचा).

तुझीच धाकटी,
खोपोत्सो

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. आईची कीर्ती फार पसरली आहे. शेजारच्या गावाचा पूल अडकलाय, त्यांचे लोक ज्वारीची बिअर घेऊन दारात बसतात आणि म्हणतात, आजी, आमच्यावर एक हरकत घ्या. दवाखान्याच्या छपरावर तिनं घेतली, ते मार्गी लागलं. बाजाराच्या शेडवर घेतली. कालपासून तिची नजर पुन्हा टाकीकडे वळली आहे, म्हणते पाया जरा डावीकडे हवा होता. तेव्हा पाया भरून होईपर्यंत तिला तुझ्याकडे ठेवून घे. एवढं कर दादा.

दुसरा ता. क. : हे मी सुचवलं असं तिला कळू देऊ नकोस. तुझ्याच मनात आलं असं दाखव. पत्र तिच्याच हाती पोस्टात पाठवतेय, पण पाकीट नीट चिकटवलं आहे.

तिसरा ता. क., आईच्या हातचा : बाळ मोहापी, पाकीट जड लागलं म्हणून पोस्टाच्या ओट्यावर बसून उघडलं. तुझ्या बहिणीचं अक्षर अजून छान आहे, मजकुराला माझी हरकत आहे. स्वप्नातही कल्पना नव्हती म्हणे. अख्खा हिवाळा ही चुलीपुढे बसून पातेल्याला सांगायची, की कुणी हरकत घेतली तर बरं होईल, घरातलं कुणी असलं तरी चालेल. पातेलं कचेरीत जाणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून मी गेले. अध्यक्षबाईंना हे माहीत असलेलं चालत नाही, तेव्हा तूही गप्प राहा. तुझ्याकडे मी आत्ता येत नाही, पुलाच्या लोकांना शब्द दिलाय. नळाला पाणी आलं की तुम्हीच सगळे या. तोवर पाणी ती आणते, हरकती मी घेते, घर नीट चाललं आहे.