बांधापलीकडचा वाटाणा

प्रिय आई,
तुला नमस्कार, आणि राग निवळला असेल तर बाबांनाही.

जेवण वेळेवर होतं. मी इथल्या प्रयोगशाळेसाठी शेतातल्या वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठी गोळा करतो. गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला भरवतात. मला वाटायचं, सगळे एकाच जातीचे.

मागे एका सशामागे बांधापलीकडे भरकटलो आणि तिथला रानवाटाणाही उपटून आणला. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "पुन्हा असं केलंस तर येऊच नकोस."

आज त्यांनीच हाक मारली. त्या गाठींत शेतात कुठेच न सापडलेल्या दोन जाती निघाल्या.

"आता बांधापलीकडचं सगळं तू बघायचं. नोकरी पक्की."

याचा पाय ठरत नाही, याला कोण ठेवणार, म्हणायचे ना बाबा? त्यांना एवढं मोठ्यांदा वाचून दाखव. तुझा गुडघा कसा आहे?

तुझाच,
भिरभिऱ्या