निळ्या करकोचीची वाटणी

सगळ्यात आधी आल्या त्या बागेतल्या जुन्या शेजारीणबाई, फ्राऊ ब्रेंडल. बोलावलं होतं चारला, बाई पावणेचारला बागेच्या फाटकात. पायात रबरी बूट, हातात रुबार्बचा केक. आल्या आल्या म्हणाल्या, "फ्राऊ जगदाळे, तुम्ही मृत्युपत्र लिहिताय असं ऐकलं, म्हणून केक जरा मोठा केला." मी म्हटलं, "गुडघा बदलतायत माझा, मान नाही. बसा." मग साडेचारला आमच्या इमारतीत खाली राहणारी लतिका आणि तिचा नवरा कपिल आले, ट्राम चुकली म्हणाले. दर वेळी ह्या दोघांचीच ट्राम चुकते. आणि घरची माणसं, म्हणजे मुलगा हरीश, सून ऊर्मिला आणि नात स्वराली, सगळ्यांच्या शेवटी, कारण हरीशला गाडी सावलीत लावायची होती.

"आई, हे सगळं मृत्युपत्रात कशाला?" असं हरीश आत्ता माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाला. म्हटलं, कोण कोण हजर होतं ते लिहायला नको? कोर्टात उद्या विचारतील.

तर मी, सरला दिनकर जगदाळे, वय वर्षे शहात्तर, शिक्षण चौथी पास आणि पाचवीत दोन महिने, मूळ गाव वडूज जिल्हा सातारा, गेली बावन्न वर्षं राहणार लुडविग्सहाफेन, जर्मनी, आज चेरीच्या झाडाखाली बसून, डोकं ठिकाणावर असताना, केकचे दोन तुकडे खाऊन, कुणीही हात न धरता हा कागद लिहिते. ऊर्मिला टाईप करून देते म्हणाली होती. पण कपिल सांगतो की इथं मृत्युपत्र अक्षरन् अक्षर स्वतःच्या हातानं लिहावं लागतं, भाषा कुठली का असेना. साक्षीदार लागत नाहीत म्हणे. आमच्या वडूजला साक्षीदारांशिवाय कागदच होत नाही, म्हणून मी दोन घेतले आहेत. माझं अक्षर वाईट आहे पण पन्नास वर्षं घरी पत्रं पाठवली आहेत, सगळी पोचली.

कलम पहिले. माझ्या पाटल्या ऊर्मिलाला. ती मला लग्नापासून "अहो आई" म्हणते आणि ऐकते मात्र स्वतःचंच, पण दोनदा माझं दुखणं काढलंय तिनं, तोंड वाकडं न करता. मोहनमाळ स्वरालीला. तिनं ती जीन्सवर घातली तरी कुणी बोलायचं नाही. मोठा कुकर लतिकाला द्यायचा होता, पण साक्षीदारानं काही घ्यायचं नसतं म्हणे, म्हणून तो उद्याच तिच्याकडं नेऊन ठेवते.

कलम दुसरे. वडूजच्या दोन खोल्यांतला ह्यांचा वाटा धाकटे दीर विष्णूभावजी यांना. त्यांनी एक्क्याण्णव साली भर पंगतीत म्हटलं होतं, "वहिनी, त्या जर्मनीत नट-बोल्टशिवाय उगवतं काय?" मी तेव्हा गप्प बसले. खोल्यांच्या कागदाबरोबर माझ्या बागेचा फोटो त्यांना पाठवावा, मोठा करून, फ्रेम लावून.

कलम तिसरे. अवजारं. ह्यांचं खुरपं, मूठ पळसाची, ते हरीशला. त्याला ते धरता येत नाही. शिकावं. मोठी कुदळ, पाण्याचा झारा आणि गुडघ्याखाली घ्यायची रबरी गादी ज्याला लागेल त्यानं घ्यावी. मला नव्या गुडघ्याला ती चालेल का हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंय.

कलम चौथे. लुडविग्सहाफेनच्या श्रेबरगार्टनमधला, म्हणजे शहरातल्या लोकांना तुकड्यातुकड्यानं दिलेल्या बागेतला, आमचा सत्तावन्न नंबरचा तुकडा, त्यातल्या निळ्या फुलांच्या ताटव्यासह, मी माझी नात स्वराली हिला देत आहे.

वरचं चौथं कलम मी खोडलं आहे. वाचता येईल असंच खोडलंय, कारण ते का खोडलं ते पुढं येतं. हा सगळा कागद खरं तर त्याच कलमासाठी काढला होता.

तो ताटवा म्हणजे काय, हे कोर्टाला कसं कळणार, म्हणून सांगते. आमचे हे, म्हणजे कै. दिनकर, इथल्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले त्या वर्षी सहा वर्षं थांबून हा तुकडा मिळाला. पहिल्याच रविवारी हे बाजारातून एक कुंडी घेऊन आले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, हिमालया श्टोर्शश्नाबेल. फूल गळलं की मागं बारीक लांब टोक राहतं, करकोच्याच्या चोचीसारखं, त्यावरून नाव. मी तिला करकोची म्हणते. ह्यांनी हिमालय वाचला आणि बाकी काही बघितलंच नाही. "आपल्याकडची आहे, सरला," म्हणाले. वडूजपासून हिमालय किती लांब, ते मी काढलं नाही.

जूनमध्ये फुललं. निळं फूल, त्यात जांभळ्या रेघा, वहीत शाईनं ओढाव्यात तशा. आणि नोव्हेंबरात सगळं पिवळं पडलं, आडवं झालं, आठ दिवसांत नुसती माती. आता मी सगळा संसार चौथ्या मजल्यावर केलेला, झाड म्हणजे खिडकीतली तुळस. झाड जमिनीखाली जाऊन झोपतं हे मला कोण सांगणार? आमच्याकडं वाळलं म्हणजे मेलं. मी मुळासकट उपसलं, कुंपणाजवळच्या कंपोस्टवर टाकलं आणि ह्यांना म्हटलं, "गेला तुमचा हिमालय." हे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये बघते तर कुंपणाच्या पलीकडं, फ्राऊ ब्रेंडलच्या तुकड्यात, निळंच निळं! बाईनं कंपोस्टवरून उचलून आपल्याकडं लावलं होतं, आणि शब्द नाही काढला. मीही नाही काढला. मी सकाळी परडी घेऊन कुंपणावरून वाकायचे आणि पूजेला फुलं घ्यायचे. देवाला नेलेलं फूल मोजत नाहीत, ही आमच्याकडची रीत. परडी हातात असलेल्या बाईला वडूजमध्ये कुणी विचारत नाही. घरी येईपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. देवानं तीन आठवडे नुसत्या पाकळ्यांवर भागवलं.

तिसऱ्या आठवड्यात फेराइनच्या, म्हणजे बागवाल्यांच्या मंडळाच्या, पाटीवर चिठ्ठी लागली: "माझी फुलं नेणाऱ्या व्यक्तीस विनंती, निदान कळ्या ठेवा." सगळे वाचत होते. मीही वाचली, मान डोलावून. दुसऱ्या दिवशी वाकले तर कुंपणापलीकडं बाई हात बांधून उभी.

"तुम्ही माझी फुलं तोडता."

"तुम्ही माझं झाड नेलंत."

"तुम्ही ते मारून टाकलं होतंत!"

"मग मढं तरी माझंच होतं ना?"

माझं जर्मन तेव्हाही असंच होतं, आडवंतिडवं, पण कळलं तिला. कुंपण धरून हसायला लागली. मग आत गेली, कुदळ आणली, गड्डा पावासारखा मधोमध कापला आणि अर्धा माझ्या हातात दिला. हिवाळ्यात हात लावायचा नाही, एवढंच म्हणाली. ह्यांनी संध्याकाळपर्यंत लावून पाणी घातलं आणि रात्री पोटभर जेवले. हे जाऊन आता आठ वर्षं झाली. करकोची चेरीपासून झोपडीपर्यंत पसरली आहे.

तर आज मी चौथं कलम मोठ्यानं वाचलं आणि फ्राऊ ब्रेंडल केक चावता चावता म्हणाल्या, "नाईन. गेट निश्ट." नाही चालत. श्रेबरगार्टनचा तुकडा वारसानं जात नाही. ज्याच्या नावावर, तो मेला की तुकडा मंडळाकडं परत, आणि यादीत पुढचा नंबर ज्याचा त्याला. यादीत तीस कुटुंबं आहेत. कपिलनं फोनवर बघितलं, तेच खरं.

"मग नवे लोक हे ठेवतील ना?" ऊर्मिलानं विचारलं.

फ्राऊ ब्रेंडलनी नुसतं कुंपणापलीकडं बघितलं. पाठ धरली म्हणून त्यांनी त्यांचा तुकडा दोन वर्षांपूर्वी सोडला. नव्या लोकांना लहान मुलं आहेत, चांगली आहेत, हात करतात. त्यांनी सगळं उकरून हिरवळ टाकली आणि वर ट्रॅम्पोलिन. बाईच्या अर्ध्या वाट्याचं एक पानही उरलं नाही. दोन वर्षं ही बाई माझ्याकडं येऊन माझ्या ताटव्यापाशी खुर्ची ओढून बसते, आणि मला एकदाही सुचलं नाही की बाई का बसते. हे मी इथं लिहून ठेवते. चूक माझी.

माझा घास हातातच राहिला. पाटल्यांचं काय, पाटल्या लॉकरमध्ये पाण्याशिवाय राहतात.

हरीश म्हणाला, "आई, आमच्या घरामागं लावू ना सगळं." मी म्हटलं, "तुझ्या त्या आपोआप फिरून गवत कापणाऱ्या यंत्रानं माझी तीन रोपं एका दुपारी खाल्ली, विसरलास?" म्हणे, "प्रोग्रॅम चुकला होता." बावन्न वर्षांत मी इथं खूप सबबी ऐकल्या, ही नवीन. ऊर्मिला म्हणाली, "अहो आई, त्या यंत्राला मी विटांची कड करते, मग बघू कसं ओलांडतं."

तेवढ्यात फ्राऊ ब्रेंडल म्हणाल्या, "पण तुम्ही मरायची वाट का बघताय? आल्झो, मग आत्ताच वाटा ना! नंतर कापताना तुम्ही नसाल तर चुका कोण काढणार?"

एवढी सोपी गोष्ट, आणि मी दोन महिने कागदाचा विचार करतेय! जमीन मंडळाची, पण झाड माझं. मी हयात असताना कुणाला द्यावं हे मला कोण विचारणार? म्हणून चौथं कलम खोडलं आणि त्या जागी हे लिहिलं.

कलम चौथे, नवे. करकोचीची वाटणी मी माझ्या डोळ्यांदेखत, सप्टेंबरात, उन्हाळा ओसरल्यावर करीन. सगळ्यात मोठा गड्डा फ्राऊ गुडरून ब्रेंडल यांना, त्यांच्या घराच्या खिडकीखालच्या पट्टीत लावायला. ही माझी भेट नाही, त्यांचंच त्यांना परत. त्यांच्या पाटीवरच्या चिठ्ठीचा कागद मी जपून ठेवला होता, तोही सोबत. दुसरा हरीशला, विटांची कड झाल्यावर, आधी नाही. तिसरा लतिका-कपिलला, आमच्या इमारतीच्या अंगणात मेपलखाली, जिथं गवतसुद्धा येत नाही. साक्षीदारानं मृत्युपत्रातून घ्यायचं नसतं, पण हे मी जिवंतपणी देणार, तेव्हा चालतं. चौथा जिथला तिथं, माझ्यासाठी. स्वराली वसतिगृहात राहते, तिथं माती नाही. तिचा वाटा माझ्याच गड्ड्यात धरावा. तिला घर होईल तेव्हा तिनं येऊन कापावा, आणि मी गेले असेन तर मंडळाला किल्ली द्यायच्या आधी येऊन कापावा.

कसं सांभाळायचं तेही लिहिते. खोल पुरू नका, मुळाचा गड्डा मातीच्या जरा खाली. दोन वितींवर एक रोप, फार जवळ नको, ती स्वतः जाते एकमेकींकडं. पहिली दोन वर्षं मधलं तण हातानं काढा, मग तिच्या खाली तण येतच नाही. खत नको, खतानं नुसती पानं माजतात. गोगलगाई तिला तोंड लावत नाहीत, भुंगे मात्र सकाळपासून, त्यांना हाकलू नका. अर्धी सावली चालते, पाणी तुंबलेलं चालत नाही. जुलैत पहिला बहर संपला की सगळी चार बोटांवर कापून टाका. जीव होत नाही, मला माहीत आहे, पण कापली की पुन्हा फुटते, थोडी फुलतेही. आणि हिवाळ्यात काळी पडली की कुणीही, कुणीही उपटायची नाही.

ह्या जुलैत मी हॉस्पिटलात असणार. कापायचं कोण, असं मी विचारलं. स्वराली फोन खाली ठेवून म्हणाली, "आजी, दास माखं इश." म्हणजे ते मी करते. मी मराठीत विचारलं, "चार बोटं म्हणजे किती, दाखव." तिनं चार बोटं जमिनीला टेकवून दाखवली. बरोबर दाखवली. कलम चौथ्याचा अंमल तिच्या हाती.

फ्राऊ ब्रेंडलना हे सगळं स्वरालीनंच जर्मनमध्ये वाचून दाखवलं. बाईंनी नाक शिंकरलं, गवताच्या ॲलर्जीचं निमित्त करून, आणि विचारलं, "खिडकीखालची पट्टी किती रुंद खणून ठेवू?" मी म्हटलं, "दोन हात." "दोन हात कुणाचे?" "तुमचे. माझे आखूड आहेत."

आता मृत्युपत्रात फारसं काही उरलं नाही, पाटल्या, माळ, खुरपं आणि विष्णूभावजींची फ्रेम. राहू दे. लिहिलंय तर सही करते.

सही: सरला दिनकर जगदाळे

साक्षीदार: लतिका कपिल देवधर, केमिस्ट, हिनं मला लिहिताना पाहिलं.
कपिल देवधर, मानहाईमला पीएच.डी. चालू, ह्यानं केक खाताना अधूनमधून पाहिलं.

ठिकाण: लुडविग्सहाफेन, श्रेबरगार्टन, चेरीखाली.
तारीख: रविवार, १५ जून २०२५.

साडेसातला सगळे उठले. कुदळी आणि गोणपाट घेऊन परत यायचं ठरलं आहे शनिवारी, २७ सप्टेंबरला, सकाळी दहाला. पाऊस असला तरी येतो म्हणाले. पाऊस असला तर उलट चांगलं, मुळं लवकर धरतात.