डावा बूट बसला

१२ ऑक्टोबर

स्केट्स आले. पुण्याहून पार्सल. काळे बूट, खाली एका रांगेत चार चाकं. प्रांजल खोकं मांडीवर घेऊन अर्धा तास नुसता वास घेत बसली होती. साताऱ्यात रोलर हॉकी खेळणाऱ्या पोरींत असले बूट कुणाकडे नाहीत.

एक नंबर मोठे मागवलेत, मुद्दाम. सोळा वर्षांची पोर, पाय अजून वाढणार. संयोगिता म्हणाली, "शाळेच्या बुटांचंही असंच केलं होतंत. पुढे कापूस कोंबून वर्ष काढलं तिनं." आमच्या बायकोला नको ते सगळं आठवतं.

९ नोव्हेंबरला सांगलीत राज्य संघाची निवड. म्हणजे चार आठवडे. तोवर बूट पायाला बसले पाहिजेत, एवढंच काम.

१३ ऑक्टोबर

तिच्या कोचनी, जयराज सरांनी, आधी तिला बूट घालून चालायला लावलं. मग म्हणाले, "हवालदारसाहेब, बोटं पुढे टेकली न टेकली असा बूट पाहिजे. यात टाच वर उचलली जातेय. टाच हलली की फोड आलाच. बदलून घ्या."

बदलून यायला दहा दिवस. जमणार नाही म्हटलं. मग त्यांनी तिला शिकवलं – मोजा एकच आणि पातळ, टाच मागे आपटून बसवायची, मग नाडी खालून वर आवळत यायची. आणि पहिला आठवडा रोज अर्धा तासच.

अर्धा तास! बावीस वर्षं पलटणीत बूट घातले मी. फोड येतो, फुटतो, कातडी निबर होते, बूट बसतो. पायाला लाडावून चालत नाही.

१५ ऑक्टोबर

दोन्ही टाचांना फोड. उजवीकडचा बोराएवढा, डावीकडचा त्याच्या दुप्पट. उजव्यावर स्पिरिट लावलं तर पाय ओढून घेतला, डोळ्यांत पाणी. डाव्यावर लावलं तेव्हा मोबाइल बघत बसली होती.

म्हटलं, शाबास.

१८ ऑक्टोबर

आज पलटणीची युक्ती. चाकं काढून घेतली आणि बूट बादलीत बुडवले. पाणी पुरतं पिऊ दिलं. मग ओलेच तिच्या पायात, वाळेपर्यंत काढायचे नाहीत. अंगणात फेऱ्या मारायला लावल्या, तीन तास. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "आरं लाला, पोर हाय का रिक्रूट?"

मी म्हटलं, दोन्ही.

संयोगिता बोलत नाही माझ्याशी. जेवण वाढलं, तेही ताट आपटून.

२१ ऑक्टोबर

उजव्या पायाचं रडगाणं चालूच. टाच, घोटा, करंगळी. डाव्याबद्दल चकार शब्द नाही. मुद्दाम विचारलं.

"डावा बसला, पप्पा. पायात बूट आहे की नाही तेच कळत नाही."

हेच पाहिजे होतं मला! बूट पायात आहे हे विसरायला झालं की समजावं, जमलं. आता उजवाही आठवडाभरात येतो रांगेत. फार बरं वाटलं आज.

२४ ऑक्टोबर

शिरवळच्या कंपनीतून गेटची ड्यूटी करून आलो. दारातच संयोगिताने मोजा समोर धरला. डाव्या पायाचा. टाचेकडून वाळून कडक झालेला, सगळा रक्ताचा.

प्रांजल म्हणते, मला माहीतच नाही.

"माहीत नाही असं कसं होईल?" संयोगिता म्हणाली. "तुमच्या धाकानं सांगत नाही ती. दुखतं म्हणायची चोरी झालीय पोरीला."

लागलं मला ते. पोरीला जवळ बसवून म्हटलं, दुखत असेल तर सांग, मी रागावणार नाही. "खरंच दुखत नाही, पप्पा." ही खोटं बोलते तेव्हा नजर खाली घालते. आज सरळ माझ्याकडे बघत होती.

२५ ऑक्टोबर

रिंकवर पाठवलं नाही. चिडली माझ्यावर.

२९ ऑक्टोबर

गिरणीवरून दळण घेऊन आली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. डब्याखाली वाकलेली, तशीच घरात शिरायला लागली. आईने थांबवलं. "अगं, एक चप्पल कुठाय?" प्रांजलने खाली बघितलं आणि हसली. तिचं तिलाच नवल वाटलं.

चप्पल गिरणीच्या दारात सापडली. मधला सगळा रस्ता नवीन खडी टाकलेला आहे.

मीही हसण्यावारी नेलं. मोबाइलमुळे पोरं अशी होतात वगैरे बोललो. आई हसली नाही. पोर आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "लाला, म्या जल्म अनवाणी काढला, पर खडी टोचल्याबिगर ऱ्हात न्हाई. डाक्टरला दाव तिला."

दाखवतो म्हटलं. नऊ तारखेनंतर.

हे इथं लिहून ठेवतो. नऊ तारखेनंतर, असं मी म्हणालो.

४ नोव्हेंबर

उजवा पाय झाला बरा. टाचेला छान घट्टा पडलाय, बूट आता चावत नाही. डावी जखम मात्र भरेना. कडा पांढऱ्या, मधे लालभडक खड्डा. ताप नाही, सूज नाही, ठणका नाही. जयराज सरांनी फोमची चकती कापून दिली, मधे भोक पाडून, म्हणजे जखमेवर बूट घासत नाही. हुशार माणूस.

पण चकती चिकटवता चिकटवता थांबले. "साहेब, वीस दिवस झाले या जखमेला. दुखत कशी नाही?"

"पोरगी माझी आहे," मी म्हणालो.

त्यांनी चकती दाबून बसवली. मला माझंच वाक्य दिवसभर ऐकू येत राहिलं.

८ नोव्हेंबर

सांगलीच्या रिंकसाठी नवी चाकं बसवली. बॅग भरून ठेवली. छातीत धाकधूक. निवडीची असेल.

९ नोव्हेंबर, सांगली

निवड झाली! आधी ते लिहितो.

चाळीस पोरी, त्यांतल्या बारा घेतल्या. प्रांजलचं नाव चौथं. काय खेळली! वळताना सगळा भार डाव्या पायावर टाकायची, आणि बाकीच्या पोरी वेग कमी करत तिथे ही वाढवायची. शेजारी बसलेले तासगावचे एक गृहस्थ म्हणाले, "कुणाची हो ही? लय भारी खेळती." मी त्यांना अख्खी कुंडली सांगितली.

नंतर बाकावर बसून तिनं बूट काढले. डावा उलटा केला तर काहीतरी खण्णकन खाली पडलं. मी उचललं. चाकं आवळायची ॲलन की. बोटभर लांब, लोखंडी, टोकाला वाकडी. काल चाकं बसवताना मीच बुटात टाकली असणार आणि विसरलो असणार.

तळवा बघितला. त्यात चावीचा आकार उमटलेला, वाकड्या टोकासकट. टोकाने कातडी फाडली होती.

"काय झालं, पप्पा?" तिला विचारावं लागलं.

दोन तास ती चावी तुडवत पोर खेळली होती. मी मोजा पुन्हा चढवला आणि म्हटलं, काही नाही. आयुष्यात इतकं कधी घाबरलो नव्हतो. सीमेवरसुद्धा नाही.

११ नोव्हेंबर

साताऱ्यात डॉक्टर. तिला डोळे मिटायला सांगितले. "पेनाचं टोक टेकवीन, जिथं टेकेल तिथं बोट ठेव." उजव्या पायाला प्रत्येक वेळी बरोबर. डावा घेतला. टेकवलं, दाबलं, टाचेत, बोटांत, तळव्यावर. पोर डोळे मिटून शहाण्यासारखी बसून होती, बोट तयार ठेवून. वाट बघत होती.

पोटरीवर फिकट डाग आहे, तो कधीपासून, असं विचारलं. संयोगिता म्हणाली, दोन वर्षं. आम्ही उन्हाचा समजत होतो. डॉक्टरांनी त्या डागावरही पेन टेकवलं. तिथंही तेच.

कुष्ठरोग. शब्द ऐकून संयोगिताने माझा हात धरला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डॉक्टर शांतपणे बोलत होते – गोळ्या आहेत, पूर्ण बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागत नाही, लाज धरायचं काहीच कारण नाही. शाळा चालू राहील. पायाची जाणीव कितपत परत येईल ते मात्र आत्ता सांगता येत नाही, लवकर आला असतात तर जास्त खात्रीनं बोललो असतो. जखम भरेपर्यंत बूट बंद. संघाचं शिबिर वीस तारखेपासून आहे.

प्रांजल रिक्षात रडली. पायासाठी नाही, शिबिरासाठी. चार आठवडे मी तिला शाबासकी देत होतो. काय बघून देत होतो?

१२ नोव्हेंबर

जयराज सरांना फोन केला. सगळं खरं सांगितलं. म्हणाले, "तिची जागा मी कुणाला देऊ देणार नाही, लढून बघतो." मग म्हणाले, "मी त्या दिवशी पुढे विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, मी तुम्हाला विचारू दिलं नाही.

१३ नोव्हेंबर

हा आजार जवळ राहणाऱ्याकडून येतो, म्हणून आज घरातल्या सगळ्यांची तपासणी. आईला पहिल्याच टेकवण्याला कळलं. संयोगिताला सगळीकडे कळलं. मग मी शर्ट काढून, डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला. मी म्हणालो, "डॉक्टर, करा ना सुरू."

डोळे उघडले, तर पेन माझ्या दंडावर टेकलेलं होतं.